तिसऱ्यांदा अरुंद झालेला स्टेंट आणि धमनीच्या आतून दिलेलं रेडिएशन

काटोलजवळच्या एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "बाबा 64 वर्षांचे आहेत. शुगर 15 वर्षांपासून. 2019 मध्ये एलएडीत (हृदयाच्या एका मुख्य धमनीत) स्टेंट टाकला. 2022 मध्ये तोच बंद झाला म्हणून त्याच्या आत दुसरा टाकला. आता पुन्हा संत्र्याच्या बागेत दोन चकरा मारल्या की छाती जड होऊन राहिली. नवीन अँजिओग्राफीत त्याच जागी 80 टक्के ब्लॉकेज दिसतं. नागपुरात एका डॉक्टरांनी तिसरा स्टेंट सांगितला, दुसऱ्यांनी बायपास. माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिकडे अशा वेळी नळीच्या आतून रेडिएशन देतात. हे खरं आहे का? रेडिएशन तर कॅन्सरला देतात ना? नागपुरात होतं का, की कुठे न्यावं लागेल?"

तुमच्या चुलतभावाने सांगितलं ते खरं आहे. हृदयाच्या धमनीत आतून रेडिएशन देण्याची पद्धत आहे, तिचा उपयोग होतो, आणि मी ती शिकत असताना जवळून पाहिली आहे. पण बाबांसाठी रेडिएशन शोधत फिरण्याआधी दुसऱ्या एका प्रश्नाचं उत्तर मिळायला हवं. स्टेंट दोनदा बंद का झाला? तुम्ही इतकं नीट लिहिलंत, तारखा दिल्या, टक्के दिले, पण कोणी धमनीच्या आतून पाहिल्याचा उल्लेख कुठेच नाही. मला त्याचीच काळजी वाटते. म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

16 सप्टेंबर 1977 ला झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी पहिल्यांदा जाग्या माणसाच्या हृदयाची धमनी बलूनने उघडली. छाती न फाडता ब्लॉकेज उघडता येतं हे त्या दिवशी जगाला कळलं. पण पुढच्या काही वर्षांत हेही कळलं की बलूनने उघडलेल्या दर तीन धमन्यांपैकी एक, कधी त्याहून जास्त, सहा महिन्यांच्या आत पुन्हा अरुंद होते. त्याची कारणं तीन. एक म्हणजे धमनी लवचिक असते, ताणून सोडली की थोडी मागे येते. दुसरं, जखम भरताना धमनीची भिंतच आवळली जाते. तिसरं, आतल्या जखमेवर मांस चढतं. धमनीच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात. त्यांना इजा झाली की त्या वाढतात, आतल्या बाजूला सरकतात आणि जखम बुजवू लागतात. जखम बुजवणं हा शरीराचा धर्मच आहे. पण तीन मिलिमीटरच्या नळीत जखम जास्त बुजली तर रक्ताला वाट राहत नाही.

1986 मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये पहिले स्टेंट माणसांत बसवले गेले. स्टेंट म्हणजे धातूची जाळीची नळी. आपल्याकडे कोणी स्प्रिंग म्हणतं, कोणी छल्ला म्हणतं. या जाळीने पहिली दोन कारणं संपवली, कारण धातूचा आधार असल्यावर भिंत मागे येऊ शकत नाही आणि आवळलीही जात नाही. तिसरं कारण मात्र वाढलं. धातू भिंतीत रुतलेला असतो, जखम खोल असते, म्हणून मांस अधिक चढतं. औषध नसलेल्या जुन्या साध्या स्टेंटमध्ये साधारण पाचातला एक ते चारातला एक पुन्हा अरुंद व्हायचा. मधुमेह असला, धमनी बारीक असली, स्टेंट लांब असला की आणखी जास्त. आणि एकदा मांस चढलेला स्टेंट नुसत्या बलूनने दाबून मोकळा केला, तर निम्मे रुग्ण काही महिन्यांत पुन्हा दारात.

रेडिएशनचा विचार इथे आला. तुम्ही विचारलंत की रेडिएशन तर कॅन्सरला देतात. फक्त कॅन्सरला नाही. काही मुलींच्या कानाच्या पाळीला टोचल्यावर गाठ येते, कोणाच्या ऑपरेशनच्या टाक्यांवर दोरीसारखा जाड वण उठतो, ते तुम्ही पाहिलं असेल. त्याला केलॉइड म्हणतात. तो नुसता कापून काढला तर बहुधा परत येतो. म्हणून कापल्यावर लगेच, एकदोन दिवसांत, त्या जागी थोडं रेडिएशन देतात. भराभर वाढायला निघालेल्या पेशींच्या आतला वारसा-धागा, म्हणजे डीएनए, त्याने तुटतो आणि त्या पेशी पुढे दुप्पट-चौपट होऊ शकत नाहीत. स्टेंटच्या आत चढणारं मांस हाही एक प्रकारचा वणच. मग बलूनने तो दाबून वाट मोकळी केली आणि तिथेच आतून किरण दिले, तर वण पुन्हा उठणार नाही, असा सरळ विचार होता.

1994 मध्ये व्हेनेझुएलातल्या काराकासला होसे कोंडाडो यांनी माणसाच्या हृदयाच्या धमन्यांत पहिल्यांदा हे करून पाहिलं. मग अमेरिकेत पॉल टायर्स्टाइन यांचा स्क्रिप्स अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण फक्त 55. जवळजवळ निम्म्यांच्या धमनीत इरिडियम-192 च्या बारीक दाण्यांची रिबन काही वेळ ठेवली, उरलेल्यांत तशीच दिसणारी पण किरण नसलेली रिबन. सुमारे सहा महिन्यांनी पुन्हा अरुंद झालेल्या धमन्या: रेडिएशनवाल्यांत 17 टक्के, दुसऱ्या गटात 54 टक्के. त्या काळात एवढा फरक कुठल्याही गोळीने दाखवला नव्हता. पुढे गॅमा-1 नावाचा 252 रुग्णांचा अभ्यास 2001 मध्ये आला, त्यात 55 टक्क्यांचे 32 टक्के झाले. आकडा पहिल्याइतका चमकदार नव्हता, पण मोठ्या अभ्यासात टिकला. नोव्हेंबर 2000 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दोन यंत्रांना परवानगी दिली, एक गॅमा किरणांचं आणि एक बीटा किरणांचं.

मी त्याच सुमारास परदेशात शिकत होतो. दोन्ही प्रकार पाहिले. गॅमाच्या दिवशी कॅथ लॅबचं, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीचं, वातावरणच वेगळं असायचं. रिबन आत सरकवली की रुग्ण सोडून आम्ही सगळे बाहेर. डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन, सगळे. पंधरा-वीस मिनिटं आम्ही काचेआडून मॉनिटर बघत उभे राहायचो. इरिडियमचे गॅमा किरण एक्स-रेपेक्षा कितीतरी जोरकस असतात. आम्ही रोज अंगावर घालतो तो शिशाचा एप्रन त्यांच्यापुढे फारसा कामाचा नाही, आणि कॅथ लॅबच्या भिंतीतलं शिसंही एक्स-रेच्या हिशेबानेच घातलेलं असतं. छातीत कळ येत असलेला माणूस टेबलावर एकटा आहे आणि आपण दाराबाहेर आहोत, ही गोष्ट मला तेव्हा फार जड गेली. आजही आठवते.

बीटाचं काम सुटसुटीत होतं. स्ट्रॉन्शियम-90 आणि त्यापासून तयार होणारं यिट्रियम-90 यांचे अडीच मिलिमीटर लांबीचे बंद दाणे एका ओळीत असत, 30 ते 60 मिलिमीटर लांबीची माळच म्हणा. कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, अरुंद जागेपर्यंत नेऊन ठेवायचं आणि हातातल्या यंत्रातून निर्जंतुक पाण्याच्या दाबाने ती माळ आत ढकलायची. तीन ते पाच मिनिटं थांबायचं, मग उलट्या दाबाने परत यंत्रात ओढायची. बीटा कण मांसात काही मिलिमीटरच जातात. म्हणून आम्ही टेबलाजवळच उभे राहू शकत होतो. आणीबाणीसाठी शेजारी जाड अ‍ॅक्रिलिकची पेटी ठेवलेली असायची. शिशाची नाही, कारण बीटा कण शिशासारख्या जड धातूवर आदळले की उलट एक्स-रे तयार होतात.

डोस माळेच्या मध्यापासून 2 मिलिमीटरवर मोजायचा. धमनीच्या जाडीप्रमाणे 18.4 किंवा 23 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप). कॅन्सरमध्ये साधारण 2 ग्रे रोज असे कित्येक दिवस देतात, इथे एकाच बैठकीत एवढा डोस. पण तो जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीच्या थराला. पुष्कळ घरची माणसं विचारायची, यांच्या जवळ बसलं तर चालेल का, नातवंडांना मांडीवर घेतलं तर? चालेल. माळ बाहेर काढली की शरीरात किरणोत्सर्गी काहीच उरत नाही.

मग इतकी चांगली गोष्ट बंद का पडली? दोन कारणं आतली होती, एक बाहेरचं.

पहिलं आतलं कारण गंभीर होतं. रेडिएशन वण उठू देत नाही, पण धमनीच्या आतलं अस्तरही लवकर भरू देत नाही. स्टेंटची तार कित्येक महिने उघडी राहते आणि उघड्या धातूवर रक्ताची गुठळी धरते. 1999 मध्ये रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी 91 रुग्णांचा अनुभव लिहिला. त्यातल्या सहा जणांची धमनी कित्येक महिन्यांनी अचानक गुठळीने बंद झाली होती, म्हणजे सगळं ठीक झालं असं वाटत असतानाच. गॅमा-1 मध्येही उशिराची गुठळी 5.3 टक्क्यांत झाली, रेडिएशन न दिलेल्यांत 0.8 टक्के. अरुंदपणा हळूहळू येतो, रुग्णाला दम लागतो, तो दवाखान्यात येतो. गुठळी एका क्षणात येते आणि थेट हार्ट अटॅक देते. यावर उपाय मिळाला तो असा की अशा वेळी नवीन स्टेंट शक्यतो टाकायचा नाही आणि अ‍ॅस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी वर्षभर किंवा अधिक काळ चालू ठेवायची. त्याने हा धोका बराच आटोक्यात आला. पण तोवर अनेक डॉक्टरांच्या मनात भीती बसली होती.

दुसरं आतलं कारण कडांचं. बलून जिथवर फुगला तिथवर जखम असते. माळ त्यापेक्षा आखूड पडली, किंवा दोन-तीन मिलिमीटर सरकली, तर कडेच्या जखमेला अपुरे किरण मिळतात आणि नेमकं तिथेच मांस जोरात चढतं. किरणोत्सर्गी स्टेंटचे प्रयोग झाले त्यात तर हे फार दिसलं. मधे स्टेंट स्वच्छ आणि दोन्ही टोकांना धमनी आवळलेली, लिमलेटच्या गोळीच्या कागदाला दोन्ही बाजूंना पीळ असतो तसं. शिवाय काही रुग्णांत फायदा वर्षांगणिक थोडा ओसरत गेला. वाढ कायमची थांबण्याऐवजी लांबणीवर पडली होती.

बाहेरचं कारण म्हणजे औषधाचा थर दिलेले स्टेंट. एप्रिल 2003 मध्ये अमेरिकेत सिरोलिमसच्या स्टेंटला परवानगी मिळाली, पुढच्या वर्षी पॅक्लिटॅक्सेलच्या. जे काम किरण करत होते ते आता स्टेंटवरच्या औषधाने होऊ लागलं. 2006 मध्ये दोन अभ्यासांत सरळ तुलना झाली: साधा स्टेंट अरुंद झालेल्या रुग्णांना रेडिएशन द्यायचं की आत औषधी स्टेंट टाकायचा? दोन्हीकडे औषधी स्टेंट सरस ठरला. पॅक्लिटॅक्सेलच्या अभ्यासात पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण 14.5 टक्के, रेडिएशनमध्ये 31.2 टक्के. त्यानंतर कॅथ लॅबमध्ये किरणांचा साठा, भौतिकशास्त्रज्ञ, रेडिएशनचा डॉक्टर, परवाने एवढा पसारा कोण सांभाळणार? एकामागून एक केंद्रांनी ते काम सोडलं.

आता तुमच्या बाबांचा प्रकार. त्यांचे दोन्ही स्टेंट 2019 आणि त्यानंतरचे आहेत, म्हणजे औषधाचेच असणार. औषधी स्टेंट अरुंद झाला, त्यात दुसरा औषधी स्टेंट टाकला, तोही अरुंद झाला. अशा रुग्णांना तिसऱ्यांदा काय द्यायचं, या अडचणीतून अमेरिकेतल्या निवडक केंद्रांत बीटा रेडिएशन परत वापरात आलं. चुलतभावाच्या कानावर आलं ते हेच. तिथे ते पहिल्या फेरीचं औषध म्हणून देत नाहीत. स्टेंटचे दोन-तीन थर झालेत, बाकीचे उपाय करून झालेत, बायपास करता येत नाही, अशा माणसाला देतात. थरांचा मुद्दा तुम्हाला हिशेबाने सांगतो. आजच्या स्टेंटची तार साधारण 80 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तीन थर एकावर एक, दोन्ही बाजू धरल्या तर अर्धा मिलिमीटर धातूच होतो. तीन मिलिमीटरच्या धमनीचा व्यास अडीचवर येतो आणि वाहण्याची जागा सुमारे 30 टक्क्यांनी कमी होते, तीही मांस न चढता. रेडिएशनचा सगळ्यात मोठा गुण हाच, की ते मागे काही ठेवत नाही.

नागपुरात हे होत नाही. आपल्या देशातही ते रोजच्या उपचारात नाही. एक प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, तुमच्याही मनात येईल: नागपुरात कॅन्सरची मोठी रुग्णालयं आहेत, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला तिथे आतून रेडिएशन देतातच, मग तेच यंत्र हृदयाला का नाही? त्या यंत्रातही इरिडियम-192 च असतं. पण त्याचा स्रोत फार तीव्र असतो आणि तो जाड भिंतींच्या खास खोलीतच बाहेर काढता येतो. त्याची नळी गर्भाशयासाठी किंवा अन्ननलिकेसाठी योग्य, पण धडधडणाऱ्या हृदयावरच्या अडीच मिलिमीटरच्या वळणदार धमनीत ती नेता येत नाही. कॅथ लॅब त्या खोलीत हलवता येत नाही आणि तो स्रोत कॅथ लॅबमध्ये आणायची परवानगी मिळणार नाही. असा प्रत्येक स्रोत, प्रत्येक खोली आणि प्रत्येक जबाबदार माणूस अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याखाली असतो, आणि असायलाच हवा. शिवाय इरिडियमची ताकद 74 दिवसांत निम्मी होते, म्हणून स्रोत सतत बदलावा लागतो. वर्षाला मोजक्या रुग्णांसाठी हे कोणत्याही रुग्णालयाला परवडत नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण विदर्भात आणि पलीकडे छिंदवाडा-बालाघाटपर्यंत असे थोडे का होईना रुग्ण आहेत ज्यांना याचा खरा उपयोग झाला असता.

पण तुमचे बाबा त्यातले आहेत का, हे अजून ठरलेलं नाही. आता मूळ मुद्द्याला येतो.

अँजिओग्राफी म्हणजे धमनीत रंग सोडून बाहेरून घेतलेली सावली. सावलीत 80 टक्के दिसतं, पण ते 80 टक्के कशाचे हे दिसत नाही. मांस चढलंय? की जुन्या स्टेंटच्या आत नवीन चरबी साठून तिला चीर गेलीय? की स्टेंटची तार तुटलीय? की मुळात स्टेंट कधी पूर्ण उघडलाच नव्हता? हे चारही बाहेरून सारखेच दिसतात आणि चौघांचा उपचार वेगळा.

शेवटचं कारण मला सगळ्यात जास्त छळतं, कारण ते आमच्या हातून होतं. मधुमेही माणसाच्या धमनीत कॅल्शियम फार असतं, भिंत चुन्याच्या गिलाव्यासारखी कडक. त्या भिंतीला आधी फोडून मोकळं न करता स्टेंट फुगवला, तर तीन मिलिमीटरचा स्टेंट तिथे 2.2 वर अडकतो. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण वाहण्याची जागा सात चौरस मिलिमीटरऐवजी चारही उरत नाही, जवळजवळ निम्मीच. अशा जागी जरासं मांस चढलं तरी ब्लॉकेज. मग दुसरा स्टेंट त्याच आवळलेल्या कड्यात टाकला तर तोही तिथेच अडकतो.

माझ्याच एका रुग्णाची गोष्ट सांगतो. उमरेडकडचे शेतकरी, साठीचे. खूप वर्षांपूर्वी मी त्यांना स्टेंट टाकला. फिल्मवर निकाल छान दिसत होता. वर्षभरात ते परत आले, "डॉक्टरसाहेब, पुन्हा तसंच होऊन राहिलं." मी त्यात दुसरा औषधी स्टेंट टाकला. आत न पाहता. पुढच्या वर्षी तिसऱ्यांदा आले तेव्हा कुठे मी ओसीटी, म्हणजे धमनीच्या आतून चित्र घेणारी तपासणी, केली. पडद्यावर दिसलं की पहिल्याच स्टेंटच्या मधोमध कॅल्शियमचं कडं आहे आणि दोन्ही स्टेंट तिथे मुठीत धरल्यासारखे आवळलेले. चढलेलं मांस नावापुरतं होतं. चूक पहिल्या दिवशीची होती आणि ती माझी होती. ते मी त्यांना आणि त्यांच्या मुलाला समोर बसवून सांगितलं. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो: माझ्याकडे स्टेंट पुन्हा अरुंद झालेला रुग्ण आला, की आत पाहिल्याशिवाय पुढचा उपचार ठरवत नाही. त्या माणसाला जगातलं सगळ्यात चांगलं रेडिएशन दिलं असतं तरी काही झालं नसतं, कारण किरण पेशींची वाढ थांबवतात, आवळलेला धातू उघडत नाहीत.

आत पाहण्याचे दोन मार्ग आहेत. आयव्हस म्हणजे ध्वनिलहरींनी, ओसीटी म्हणजे प्रकाशाने. दोन्हींत एक बारीक कॅथेटर त्या जागेतून ओढत आणतात, पाच-दहा मिनिटांचं काम. नागपुरात रामदासपेठ-धंतोली भागातल्या कित्येक कॅथ लॅबमध्ये ही सोय आहे. खर्च वेगळा येतो, ते लपवत नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने औषधी स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपयांवर आणली. लाखो लोकांना त्याचा फायदा झाला आणि ते योग्यच होतं. आत पाहण्याचं कॅथेटर मात्र महागच राहिलं, कित्येकदा स्टेंटपेक्षा जास्त. त्यामुळे आत पाहण्यापेक्षा अजून एक स्टेंट टाकणं स्वस्त वाटतं. दोन स्टेंट वाया गेलेल्या घराला हा हिशेब मी वेगळा मांडून दाखवतो: तिसरी अँजिओप्लास्टी, चौथी, आणि मधल्या अटॅकची भीती धरून.

आत पाहिल्यावर काय दिसेल त्याप्रमाणे वाट ठरते. स्टेंट आवळलेला निघाला तर आधी तो उघडायचा. खूप जास्त दाबाचा बलून, बारीक पाती असलेला बलून, किंवा कॅल्शियम फार असेल तर ध्वनिलहरींच्या झटक्यांनी कॅल्शियम फोडणारा बलून, जसे मूत्रपिंडाचे खडे बाहेरून फोडतात त्या तत्त्वावरचा. स्टेंट नीट उघडलेला आहे आणि आत मांसच चढलंय असं दिसलं, तर माझी पहिली पसंती औषधी बलूनला. वाट मोकळी करून घ्यायची, मग औषध लावलेला बलून त्या जागी अर्धा-एक मिनिट फुगवून धरायचा आणि काढून घ्यायचा. औषध भिंतीत राहतं, धातूचा नवीन थर पडत नाही. म्हणजे रेडिएशनचा जो गुण होता, मागे काही न ठेवण्याचा, तो इथे किरणांशिवाय मिळतो. भारतात हे बलून बरीच वर्षं वापरात आहेत. अमेरिकेत हृदयाच्या धमन्यांसाठी परवानगी मार्च 2024 मध्ये आली. ज्या अभ्यासावर ती मिळाली त्यात 600 रुग्ण होते, वर्षभरात त्याच जागेचा त्रास साध्या बलूनमध्ये सुमारे 29 टक्क्यांना झाला, औषधी बलूनमध्ये सुमारे 18 टक्क्यांना. तिथे रेडिएशन टिकून राहण्याचं एक कारण हेही होतं की इतकी वर्षं त्यांच्या हातात हा बलून नव्हता. तुमच्या चुलतभावाला हे जरूर सांगा.

बायपासबद्दलही सांगतो, कारण तुम्हाला तो शब्द ऐकून धक्का बसलेला दिसतो. एलएडी ही हृदयाची सगळ्यात मोठी जबाबदारी घेणारी धमनी. छातीच्या आतली एक धमनी घेऊन तिला जोडली, की तो जोड दहा वर्षांनीही दहातल्या नऊ जणांत चालू असतो. बाबांना मधुमेह आहे. एलएडीबरोबर इतर धमन्यांतही ब्लॉकेज असेल, तर मधुमेही रुग्णांत बायपास अँजिओप्लास्टीपेक्षा सरस ठरतो, हे 2012 च्या फ्रीडम अभ्यासाने स्पष्ट दाखवलं. त्यामुळे ज्या डॉक्टरांनी बायपास सांगितला त्यांनी घाबरवलं नाही, विचार करूनच सांगितलं असावं. फक्त एलएडीच खराब असेल आणि आतला दोष दुरुस्त करता येण्यासारखा असेल, तर औषधी बलूनची संधी घ्यायला मी तयार असतो. आत न पाहता टाकलेल्या तिसऱ्या स्टेंटला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे.

रेडिएशनसाठी परदेशी नेण्याचा विचार मी कधी करेन? आत पाहिलं, स्टेंट पूर्ण उघडलेला होता, फक्त मांस होतं, औषधी बलून केला, तरी पुन्हा अरुंद झालं, आणि फुप्फुसं किंवा मूत्रपिंडं इतकी नाजूक की सर्जन बायपासला हात लावत नाही. हे सगळं जुळलं तर. तेव्हाही आधी पाहायचं की त्यांना वर्षभर दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालतील का. पोटात अल्सर असेल, पूर्वी रक्तस्राव झाला असेल, तर रेडिएशन त्यांच्यासाठी धोक्याचं आहे. आणि त्या जागेला किंवा छातीला पूर्वी रेडिएशन मिळालेलं नाही ना, हेही विचारतात.

तोवर घरी काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या एकही दिवस चुकवू नका. दात काढायला गेलात आणि डेंटिस्टने बंद करायला सांगितल्या, तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. तीन महिन्यांची शुगर आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तपासा. दोनदा स्टेंट झालेल्या माणसाचं एलडीएल मी 55 च्या खाली आणायचा प्रयत्न करतो, त्यासाठी एका गोळीला दुसरी जोडावी लागली तरी. आणि खर्रा. बाबा खर्रा खातात की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण या भागात मला हा प्रश्न प्रत्येकाला विचारावा लागतो. "सिगारेट नाही जी, फक्त खर्रा" असं मला रोज कोणीतरी सांगतं. तंबाखू जाळून घेतली काय आणि चघळून घेतली काय, निकोटीन रक्तातच जातं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं. खात असतील तर आजपासून बंद. नुसतं त्यांना सांगून होणार नाही, घरात पुडी आणणाऱ्यालाही सांगावं लागेल.

चालताना छाती जड होते आणि थांबल्यावर थांबते, तोवर तुमच्याकडे विचार करायला काही दिवस आहेत. बसल्या जागी दुखलं, झोपेतून जाग आली, घाम फुटला, तर मात्र हा सगळा विचार बाजूला ठेवून सरळ जवळच्या कॅथ लॅब असलेल्या रुग्णालयात. काटोलहून नागपूरला तासभर लागतो, म्हणून त्या वेळी आधी ओळखीच्या डॉक्टरांची वाट पाहत बसू नका, 108 ला फोन करा.

नाहीतर या आठवड्यात एवढं करा. 2019 आणि 2022 च्या दोन्ही अँजिओप्लास्टीच्या सीडी मागून घ्या, नुसते छापील रिपोर्ट नकोत. स्टेंटवरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेले असतात, त्यावर स्टेंटचा व्यास आणि लांबी लिहिलेली असते, तेही सांभाळून आणा. नवीन अँजिओग्राफीची सीडी, इको, क्रिएटिनिनचा रिपोर्ट. हे सगळं घेऊन त्या दोन डॉक्टरांपैकी कोणाकडेही जा, आणि त्यांना एकच विचारा: "पुढचं काही करण्याआधी ओसीटी किंवा आयव्हस करून, पहिला स्टेंट किती उघडलेला आहे ते आम्हाला पडद्यावर दाखवाल का?" हो म्हणाले, तर त्यांच्याकडेच उपचार घ्या.